चुकीच्या हाकेला ओ

उद्या दुपारी रुचाला शाळेतून कोण आणणार, एवढाच प्रश्न आहे. माझ्या नवऱ्याने, अपूर्वने, त्याच्यापुरता तो सोडवला आणि तो झोपूनही गेला. "शेजारच्या आजी आता नकोत, बास. मी महिनाभर ब्रिस्बेनला जात नाही, घरून काम करतो. तोवर आफ्टर स्कूल केअरमध्ये जागा मिळेल." त्याचं ठरतं ते असं, दोन-तीन वाक्यांत. माझं ठरत नाही. कुंपणापलीकडे अजून दिवा दिसतोय आणि मी त्या बाईंना सांगून आले आहे की सकाळी उत्तर देते.

रुचाला काही झालेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. सात वर्षांची माझी मुलगी आत शांत झोपली आहे. मीच सारखी उठून पांघरूण बघून येतेय.

डी. एल. आजी म्हणजे आमच्या डावीकडच्या घरातल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, पण आवाज कोपऱ्यावरच्या चौकापर्यंत पोचणारा. तो नोकरीने दिलेला. किती तरी वर्षं त्या शाळेसमोर ‘लॉलीपॉप लेडी’ होत्या. म्हणजे दांडीची गोल पाटी हातात धरून गाड्या थांबवायच्या आणि मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा. आमच्या या टूवूंबा गावातले निम्मे सुतार, प्लंबर आणि नर्सेस त्यांच्या शिट्टीवर मोठे झालेत. सुपरमार्केटमध्ये एखादा दाढीवाला बाप्या ट्रॉली ढकलत येतो, आजी हात वर करून "वेट!" म्हणतात, आणि तो खरंच जागच्या जागी थांबतो.

इथून तासाभरावरच्या एका शेतावर त्यांचा जन्म झाला. घराणं मूळ जर्मन. लाल माती, दुधाच्या गाई, पहाटे उठणं. शाळा संपल्यावर गावात येऊन कपड्यांच्या दुकानात लागल्या. तिथे रेल्वे वर्कशॉपमधला इयन नावाचा फिटर मोजे घ्यायला आला आणि मग येतच राहिला. इयन लहानपणी आईबापांबरोबर स्कॉटलंडहून बोटीने आलेला. "लग्नात त्याच्याकडे इतके मोजे होते," आजी सांगतात, "की मला आयुष्यभर एक जोड रफू करावा लागला नाही." इयन जाऊन आता बरीच वर्षं झाली. एकुलता मुलगा क्रेग पर्थच्या बाजूला खाणीत कामाला आहे. तीन आठवडे खाणीवर, एक आठवडा घरी.

आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी कुंपणावरून हात पुढे करून त्या म्हणाल्या होत्या, "नेल. नेल डी. एल."

मला तसंच ऐकू आलं, आणि त्यात विचित्र वाटण्यासारखं काही नव्हतं. माझे वडील सांगलीच्या एका कॉलेजात हेडक्लार्क होते. तिथे सगळे व्ही. के., एस. आर., बी. जी. असेच होते. आमच्याकडे दर रविवारी चहाला येणाऱ्या डी. एल. सरांचं आडनाव मला त्यांच्या निरोप समारंभाच्या पत्रिकेवर पहिल्यांदा कळलं. तेव्हा डी. एल. म्हणजे डी. एल. त्याच्यापुढे आणखी काही असेल, असं मनात तरी का यावं?

अपूर्वने मात्र अंदाज बांधले. "डोरोथी लुईझ असेल."

"अरे, नाव नेल आहे ना."

"मग नवऱ्याची अक्षरं असतील."

"नवरा इयन."

"मग सासऱ्याची," म्हणून त्याने विषय संपवला. वडीलधाऱ्या बाईला नुसतं ‘नेल’ म्हणणं माझ्या जिभेला जमेना. मी त्यांना तोंडावर मिसेस डी. एल. म्हणायची आणि घरात डी. एल. आजी. रुचाची ती नुसती ‘आजी’ झाली.

माझी पॅथॉलॉजी लॅबमधली शिफ्ट संध्याकाळपर्यंत चालते. या गावात गाडीशिवाय पान हलत नाही आणि बसचा काही भरवसा नाही. रुचाला आणायचं काम आजींनी आपणहून घेतलं. मी शाळेत फोन करून सांगितलं, उद्यापासून मिसेस डी. एल. येतील. ऑफिसातली बाई हसली. "नो वरीज. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याच पाटीखालून रस्ता ओलांडलाय." तिलाही मी म्हणत होते ते बरोबरच ऐकू आलं. त्यामुळे कुणी मला दुरुस्त करायचा प्रश्नच आला नाही.

एकदा आजींनी इयनच्या अंत्यविधीची गोष्ट सांगितली होती. चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी त्याचं आडनाव चुकीचं उच्चारलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा आजी पहिल्या रांगेतून उठल्या आणि म्हणाल्या, "थांबा. तुम्ही भलत्याच माणसाला पुरताय." मी ही गोष्ट अपूर्वला सांगितली तेव्हा म्हटलं होतं, "एल. डी. म्हणाले असतील रे, घाईत उलटसुलट होतं." आम्ही दोघांनी त्यावर मान डोलावली होती.

आमचं आडनाव डोळे. इंग्रजीत लिहिलं की होतं ‘डोल’, आणि इथे डोल म्हणजे बेकारभत्ता. अपूर्वच्या ऑफिसात रोज कुणीतरी म्हणतंच, "मेट, डोलवर असूनही तुला पगार मिळतो?" तो हसतो. आपल्या लोकांना हसण्याची फार सवय आहे. पण गेल्या वर्षी रुचा जेवता जेवता म्हणाली, "आई, आर वी ब्लजर्स?" ब्लजर म्हणजे फुकटखाऊ. वर्गातल्या कुणीतरी तिच्या दप्तरावरचं नाव वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून डी. एल. आजी भडकल्या. "मग खरं कसं म्हणतात ते सांग मला."

"डोळे."

"डोरे."

"नाही, डोळे."

"डोर्ली? देवा, जीभ कुठे ठेवतेस तू?"

त्यांच्या गुलाबाच्या वाफ्यातल्या लाल मातीत मी काडीने ळ काढून दाखवला. म्हटलं, हे अक्षर इंग्रजीत नाहीच, म्हणून एल घालतात आणि सगळं बिघडतं. आजी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या. "अर्थ काय होतो याचा?"

"आइज."

"अगं, मग हे काय आहे दुसरं? डोळ्यांची जोडी काढलीस की मातीत!"

चाळीस वर्षं हे आडनाव जवळून ऐकतेय, आधी मामांचं म्हणून आणि मग सासरचं म्हणून, पण मला कधी दिसलं नव्हतं. रुचाला इतका आनंद झाला की ती त्या वाफ्याभोवती नाचली. आजींनी तिच्यासमोर बसून तिला सांगितलं, "ऐक, रू. एल घालून त्यांनी तुझे डोळे काढून घेतलेत. नीट म्हणेपर्यंत ओ द्यायची नाही. माझ्याही नावाचा लोक खिमा करतात, मी ओ देत नाही."

डी. एल.चा कसला खिमा करणार, असं मला वाटून गेलं. पण मला त्या दिवशी इतकं बरं वाटत होतं की मी विचारलं नाही. उलट मीही घरी तिच्याकडून ळ घोटून घेतला. महिन्याभरात तिच्या बाईंचा ईमेल आला: रुचा हजेरीला उत्तर देत नाही, कानांची तपासणी केली आहे का?

आता गेल्या मंगळवारचं.

लॅबमधून निघाले, घरी आले, तर घरात कुणी नाही. आजींच्या दाराशी गेले. बेल वाजवली, फोन लावला, आणि फोन त्यांच्याच स्वयंपाकघरात वाजताना ऐकू आला. त्यांची गाडीही नाही. शाळेत कुणी फोन उचलेना, वेळ संपलेली. मग समोरच्या घरातला टेरी कुत्रा घेऊन परत येताना म्हणाला, "दुकानांपाशी कुणा म्हाताऱ्या बाईला ॲम्ब्युलन्समध्ये घालत होते. लांबून बघितलं मी. का गं?"

मी गाडी कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. अपूर्व स्पीकरवर होता, ब्रिस्बेनहून सारखा म्हणत होता, "त्यांचं आडनाव सांग, मी इकडून हॉस्पिटलला फोन करतो. अगं, आडनाव!" आणि मी ओरडत होते, "डी. एल.! डी. एल.!"

इमर्जन्सीच्या खिडकीतल्या मुलीने शांतपणे टाइप केलं. "नेल. सरनेम?"

"डी. एल."

"डी. एल. वॉट?"

"जस्ट डी. एल."

तिने माझ्याकडे बघितलं. नेल नावाचं आज कुणीच आलेलं नाही, म्हणाली. "आणि लहान मुलगी? सात वर्षांची? रुचा डोल." खुशाल, अगदी इथल्यासारखं, मी ‘डोल’ म्हटलं, लवकर सापडावं म्हणून. तिने पुन्हा बघितलं. "सॉरी. या नावाचंही कुणी नाही. बसून घ्या, मी आत विचारते."

मी बसले. उठले. पुन्हा बसले. दार उघडून एक नर्स बाहेर आली, "डालझीलचे कुणी नातेवाईक?" कुणी उठलं नाही. थोड्या वेळाने तीच नर्स परत आली. "मिसेस डोर्ली? मिसेस डोर्ली आहेत का इथे?" मी आजूबाजूला बघितलं. मनात आलं, काय बाई असेल ही डोर्ली, पोर आत आणि ही कुठे कॉफी पीत फिरतेय! दार बंद होत आलं होतं, आणि त्या फटीतून आवाज आला: "आई गं!"

त्या सगळ्या इंग्रजीत एक "आई गं!" मी नर्सला ढकलूनच आत गेले असेन. रुचाचं बोट पलंगाच्या कठड्यात चिमटलं होतं, एवढंच. एका हातात ज्यूसचं खोकं, दुसरं बोट तोंडात. मी तिला उचललं ते किती तरी वेळ खाली ठेवलंच नाही.

"तुम्ही मिसेस डोर्ली?" नर्स म्हणाली. "बाहेर येऊन हाक मारली मी."

दप्तरावर ‘रुचा डोल’ लिहिलेलं तिने वाचून दाखवलं होतं, पण रुचाने ठाम मान हलवली होती: हे माझं नाव नाही. दप्तर बदललं असेल, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी नाव विचारलं, तिने घोटलेल्या ळसकट सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं तसं लिहिलं. फोन नंबर तिने धडाधडा म्हटला, तो माझा जुना.

पलंगावर डी. एल. आजी होत्या. डोळे मिटलेले, ओठ घट्ट. "या नावाला प्रतिसादच देत नाहीत," नर्स हळूच म्हणाली. "डॉक्टरांना मेंदूची काळजी वाटतेय. स्कॅनला न्यायचंय."

"काय हाक मारताय तुम्ही?"

"मिसेस डालझील."

"कोण?"

तिने मनगटावरची पट्टी दाखवली. हेलन डालझील. एवढ्या अक्षरांत मला माझ्या आजी कुठेच दिसेनात. क्षणभर वाटलं, तोंड तेच आहे, पण माणूस वेगळं आहे. मी वाकून म्हटलं, "मिसेस डी. एल.?"

एक डोळा उघडला. "आलीस एकदाची, लव्ह. या बाईला सांग, माझं डोकं जागेवर आहे."

स्कॅन झाला तरीही, आणि डोकं खरंच जागेवर होतं. रक्तदाबाची नवी गोळी जरा जास्तच जोराची निघाली होती. दुकानापाशी गाडी लावून, रुचाला उतरवून, दूध घ्यायला निघाल्या आणि तिथेच कोसळल्या. गाडी लावून झाल्यावर. मी या तीन शब्दांवर रोज रात्री अडकते.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्यांनी मला सगळं समजावलं. हेलनचं लाडाचं नेल. आणि जुन्या स्कॉटिश लिखाणात एक अक्षर होतं, म्हणे, शेपटीवाल्या तीनच्या आकड्यासारखं, उच्चार साधारण ‘य’चा. छापखाने आले तेव्हा अक्षरांचे खिळे परदेशातून आले, त्यांच्यात हे अक्षरच नव्हतं. दिसायला जवळचा म्हणून झेड घातला. "बोलणाऱ्यांनी झेड कधी म्हटलाच नाही. आम्ही डी-एल म्हणत राहिलो आणि कागद भलतंच म्हणत राहिला." म्हणजे डी. एल. ही आद्याक्षरं नव्हतीच, ते अख्खं आडनाव होतं.

"आणि अर्थ काय त्याचा?"

"इयनच्या गावाजवळ त्या नावाची जागा आहे. पांढरं कुरण, असं काही जण म्हणतात. त्याचा आजा वेगळंच सांगायचा. राजाच्या एका आवडत्या माणसाला शत्रूने फासावर लटकवलं. त्याचं प्रेत कोण उतरवून आणेल, असं राजाने विचारलं. सगळे गप्प. एक जण पुढे होऊन आपल्या भाषेत म्हणाला, ‘मी धजतो.’ तेच झालं आडनाव." मग हळूच म्हणाल्या, "थाप आहे. पण बरी थाप आहे."

बाजूच्या पलंगावरची बाईसुद्धा हसली. मला हसू येईना. मी मोजत होते, एका झेडपायी आणि एका एलपायी त्या खोलीत किती वेळ गेला. खरंच मेंदूचं काही असतं तर? रुचा एकटी रस्त्यावर उतरली असती आणि पोलीस ‘डोल, डोल’ हाका मारत फिरले असते, तर ती झुडपामागे गप्प बसून राहिली असती. शिकवल्याप्रमाणे. आणि शिकवणाऱ्या आम्ही दोघी होतो.

आजी शुक्रवारी घरी आल्या. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. चालायला हरकत नाही. क्रेगचा फोन आला होता: पुढच्या शनिवारी येतोय, पर्थजवळ वृद्धांसाठीची एक वसाहत बघून ठेवलीय. अपूर्वचा निर्णय त्याच दिवशी झाला. रुचाने तो ऐकला, आणि पाटावरून उठावं तशी ताट तसंच ठेवून उठली.

आज, रविवारी संध्याकाळी आजी कुंपणाशी आल्या. केस नीट विंचरलेले, ओठांना रंग लावलेला. इंटरव्ह्यूला आल्यासारख्या.

"उद्यापासून मी चालत जाईन," त्या म्हणाल्या. "तो रस्ता मला झोपेतही पाठ आहे. तू नाही म्हणालीस तर मी समजून घेईन. पण क्रेग आला की विचारेल, दिवसभर करतेस काय तू इथे? मला त्याला काहीतरी सांगता यायला हवंय."

मी सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं. अपूर्व घरी आहे, तुम्ही विश्रांती घ्या, वगैरे. ते बाजूला राहिलं आणि मी भलतंच बोलले. "मिसेस डी. एल., पुन्हा असं झालं आणि लोकांनी तुम्हाला डालझील म्हटलं, तर ओ द्याल?"

वरून कर्कश ओरडत पोपटांचा थवा गेला, तो पार जाईपर्यंत त्यांनी वर बघितलं.

"इयनला मी शब्द दिला होता," म्हणाल्या. "आजारी असताना. तो म्हणाला होता, नेल, माझ्यामागे त्यांना ते नाव बिघडवू देऊ नकोस."

"माहीत आहे."

"नाही, तुला नाही माहीत." मग त्यांनी माझ्यामागे बघितलं. मागच्या पायरीवर रुचा बसली होती, हनुवटी गुडघ्यांवर ठेवून. आजी तिच्याकडे बघतच म्हणाल्या, "मार हाक."

"आत्ता?"

"आत्ताच. नंतर माझं मन बदलेल."

मी हाक मारली. मुद्दाम, त्या नर्ससारखी. "मिसेस डालझील?"

त्यांचा जबडा हलला, ओठ हलले, आवाज आला नाही. दुसऱ्यांदा मारली. "येस," त्या म्हणाल्या. इतक्या बारीक आवाजात की हा आवाज चौकापर्यंत जातो, यावर कुणाचा विश्वास बसला नसता. मग रुचाला म्हणाल्या, "तू पण. रुचा डोल!"

"दॅट्स नॉट..."

"मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. आधी ओ दे, मग त्यांना दुरुस्त कर. या क्रमाने. मी चुकीचं शिकवलं होतं."

"येस," रुचा म्हणाली, आणि रडायला लागली.

मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. कुणाच्या घरात शिरून भिंतीवरचा फोटो उतरवून घ्यावा, तसं वाटलं. मी घाईघाईने म्हटलं, सकाळी सांगते. वळले, तर मागून त्या म्हणाल्या, "आणि तू? तुला काय हाक मारली होती त्यांनी तिथे?"

"मिसेस डोर्ली."

"दिलीस ओ?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग तूही सराव कर, मिसेस डोर्ली," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तर माझं उत्तर हो आहे. हे सगळं सांगत इथवर येईपर्यंत मला ते ठाऊक नव्हतं. अपूर्व सकाळी चिडेल, चिडू दे. त्याला मी सांगेन, दोघी चालत येतील, रस्ता ओळखीचा आहे, आजींच्या खिशात फोन असेल, रुचाला माझा नवा नंबर पाठ झाला आहे. हे सगळं खरं आहे.

त्याला एक सांगणार नाही, आजींनाही नाही. लॅबमध्ये उद्या मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकणार आहे. शाळा सुटायच्या आधीच गाडी मागच्या गल्लीत लावीन, मोठ्या झाडाच्या आडोशाला, जिथून क्रॉसिंग दिसतं पण मी कुणाला दिसणार नाही. त्या दोघी निघाल्या की मी चालत मागून जाईन, एक वळण सोडून. परवाही बहुतेक जाईन. तेरवाचं तेव्हा बघू.